दाराच्या आतल्या बाजूला

सरकारी माहितीपत्रक संडासाच्या दाराला आतल्या बाजूने लावावं, असं मानणारी एकच व्यक्ती मला माझ्या नोकरीत भेटली. त्या म्हणजे आमच्या मॅडम.

"बाई एकटी कुठे असते ते आधी शोधा," त्या म्हणायच्या. "पत्रक तिथे लावा."

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते साताऱ्यात. आम्ही दोघेही तेव्हा महिला आणि मुलींसाठीच्या सरकारी योजनांच्या कामात होतो. मी हिशेबाला, त्या माहिती आणि प्रसाराला. मदतीचा फोन नंबर, घरात मारहाण होत असेल तर कुठे जायचं, मुलींच्या शिक्षणासाठी काय मिळतं, लग्नाचं वय किती, अशी पत्रकं वरून खोक्यांतून यायची. खोकी मोजून घेणं माझं काम आणि ती रिकामी करणं त्यांचं. बाकी ठिकाणी खोकं गावात पोहोचलं की काम संपायचं. शिपाई एक पत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवायचा, उरलेली कपाटावर चढायची. मॅडम त्या फळ्याला हातही लावायच्या नाहीत.

"त्या फळ्यापुढे बाई उभी राहिलेली आपण कधी पाहिलीत?" त्यांनी मला विचारलं होतं.

माझं बालपण कोरेगावच्या बाजूला गेलं. गावचा फळा शाळेच्या वाटेवर होता, म्हणजे रोज दिसायचा. मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. फळ्यापुढे तंबाखू मळणारे आठवले, म्हैस बांधून गेलेला एक जण आठवला. बाई एकही आठवली नाही.

मग त्यांच्या जागा कोणत्या, तर एसटी स्टँडवरचं बायकांचं स्वच्छतागृह, दाराची आतली बाजू, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर. ही उंची त्यांनी स्वतः नक्की केली होती. कशी, ते मी विचारलं नाही. पिठाच्या गिरणीत दळणाचे डबे रांगेने लावतात तो कोपरा. कासाराच्या दुकानात, बांगडी हातात चढताना दुखतं म्हणून बाई जिकडे तोंड फिरवते ती भिंत. फोनवर संदेश पाठवून काम भागेल असं कुणी बैठकीत म्हणालं की त्या शांतपणे विचारायच्या, "फोन घरात कोणाच्या खिशात असतो?" मग बैठक पुढच्या विषयाकडे जायची.

चिकटपट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता, उन्हाने सुटते म्हणून. त्या घरून मैद्याची खळ शिजवून आणायच्या. दोरी बांधलेला एक पत्र्याचा डबा, त्यात खळ, खळीत ब्रश. अंगावर सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. दुपारपर्यंत खळ आंबायची. मॅडम दौऱ्यावरून आल्या हे शिपायाला डोळ्यांच्या आधी नाकाला कळायचं.

बोलणं मात्र अतिशय शुद्ध. सगळ्यांना "आपण". शिपायाला आपण, साहेबांना आपण. कार्यालयाच्या पायरीवर एक कुत्रं झोपायचं, त्यालाही "आपण जरा बाजूला व्हाल का?" आणि ते व्हायचं. मी कधी गडबडीत "हाय" किंवा "न्हाई" बोलून गेलो तर त्या मध्येच थांबायच्या, मी "आहे" म्हणेपर्यंत. त्या औंधकडच्या, एवढं मला माहीत होतं. पण घराणं शिकलेलं असणार, वडील शाळामास्तर वगैरे, असा माझा समज होता.

त्यांच्या पर्समध्ये एक जाड काळं मार्कर पेन असायचं. वाटेत दिसलेल्या पाटीवर चूक असली की त्या ती दुरुस्त करायच्या. आमच्या कार्यालयासमोर एक चहाची टपरी होती. तिच्यावर "चहा मीळेल" असं लिहिलेलं. मॅडमनी दीर्घ वेलांटीची ऱ्हस्व केली. टपरीवाल्याने रागाने पुन्हा रंगवून घेतलं, रंगवणाऱ्याने पुन्हा "मीळेल" लिहिलं, मॅडमनी पुन्हा दुरुस्त केलं. शेवटी त्याने पाटी बरोबर करून घेतली आणि मॅडमना हाक मारून म्हणाला, "आता बगा, समदं बराबर हाय का." मॅडम चष्मा वर सरकवून पाहत म्हणाल्या, "'चहा' आधीपासूनच बरोबर होता." त्या दिवसापासून तो त्यांना चहा बशीशिवाय द्यायला लागला. त्यांना तसाच आवडायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणखी एक. महिलांसाठीचा मदतीचा नंबर चालू आहे की नाही, हे त्या दर आठवड्याला स्वतः फोन लावून पाहायच्या. कधी माझ्या फोनवरून, कधी रसवंतीवाल्याच्या. पलीकडून कुणी उचललं की त्या म्हणायच्या, "ही चाचणी आहे. आपण फोन लवकर उचललात, आभारी आहे." आणि ठेवून द्यायच्या. उशीर झाला तर तेही सांगायच्या. पुढे पलीकडच्या मुली आवाज ओळखू लागल्या. एकदा माझ्या समोर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, जेवण झालं का?" मॅडम गोंधळल्या. चाचणीत हा प्रश्न बसत नव्हता. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "व्हायचं आहे." मी त्यांना विचारलं होतं की हे कशासाठी. नळ बसवला म्हणजे पाणी आलं असं होत नाही, तो सोडून बघावा लागतो, असं त्यांचं उत्तर होतं.

पुढे माझी बदली सांगलीला झाली. घर केलं, बायको-मुलगी आली, आणि काही वर्षांनी मॅडमही तिथे आल्या. अडचणीतल्या बायकांसाठी सरकारने चालवलेलं एक मदत केंद्र तिथे आहे, आम्ही दोघेही त्यात. बाहेरच्या खोलीत मी, शिपाई आणि मॅडमचं टेबल, आतल्या खोलीत समुपदेशन करणाऱ्या ताई, त्यामागे थोडे दिवस राहायची सोय. आतल्या खोलीत पुरुषांनी जायचं नाही हा नियम. मी तो पाळतो. त्यामुळे पुढे सांगणार आहे ते सगळं बाहेरच्या खोलीत घडलेलं आहे. आत काय झालं ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

मॅडम आल्या त्याच वर्षी संक्रांतीला माझ्या बायकोने त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं. अशा बाईला बोलवावं की नाही यावर शेजारी थोडी कुजबुज झाली, बायकोने ऐकून घेतली नाही. वाण द्यायचं ते यजमानिणीने, पाहुणीने नव्हे. पण मॅडम स्वतःच पिशवीभर प्लास्टिकच्या छोट्या डब्या घेऊन आल्या, आणि आलेल्या प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवत गेल्या. "हिंगासाठी," एवढंच म्हणाल्या. आमच्या स्वयंपाकघरात ती डबी कित्येक महिने होती. एकदा बायको आजारी पडली आणि आमटी माझ्यावर आली, तेव्हा झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला मदतीचा नंबर चिकटवलेला होता. बायकोला तो पहिल्या दिवसापासून पाठ होता. मी विचारलं, मला कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, तुम्ही कधी हिंग घातलात?

कामाच्या पद्धतीत त्यांचा एक हट्ट असा होता की साहेब लोक वैतागायचे. बाईला माहिती सांगून झाली की त्या म्हणायच्या, "आता मला सांगा, मी काय सांगितलं." बाईने आपल्या शब्दांत परत सांगितलं तरच ती माहिती पोहोचली. महिन्याच्या अहवालात "माहिती दिलेल्या महिला" असा एक रकाना असतो. बाकीचे तिथे वाटलेल्या पत्रकांचा आकडा लिहायचे. मॅडम परत सांगणाऱ्या बायकांचाच लिहायच्या. त्यामुळे आमचा आकडा कायम सगळ्यांत लहान. बैठकीत त्यावरून बोलणी बसायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच लहान आकडा. हिशेबाचा माणूस म्हणून मला तो आकडा आवडायचा. त्याला हात लावला तर तो हलत नव्हता.

आता त्या शब्दाकडे येतो.

पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं: "पीडित महिला व मुलींसाठी मोफत समुपदेशन व निवारा." मॅडमना "पीडित" हा शब्द मान्य नव्हता. व्याकरणात चूक नव्हती, पण त्यांच्या मते ती त्याहून मोठी चूक होती. कोणती बाई स्वतःला पीडित म्हणते? ती म्हणते, मला त्रास आहे, अडचण आहे. पत्रक वाचून तिला वाटणार, हे दुसऱ्या कुणासाठी आहे. शिवाय, खेड्यात पीडा म्हणजे बाहेरची बाधा. झपाटणं, अंगात येणं. उद्या कुणी आपल्याकडे भूत उतरवायला येईल, असं त्या म्हणायच्या आणि आम्ही हसायचो.

त्या नुसत्या बोलून थांबल्या नाहीत. मार्कर घेऊन पत्रकापत्रकावर "पीडित" खोडायचा आणि वर "अडचणीत असलेल्या" लिहायचं, असं त्यांनी सुरू केलं. वरच्या कुणीतरी ते जतच्या दौऱ्यात पाहिलं. सरकारी मजकुरात परस्पर फेरफार केल्याबद्दल त्यांना समज देण्यात आली. त्यांनी वर कळवलं की फेरफार थांबवते, शब्द आपण बदलावा. तेव्हापासून पत्रकं छापली तशीच लागू लागली. पण लावताना त्या शब्दावर आल्या की ब्रश जरा जास्त जोराने फिरायचा.

अशीच एक न खोडलेली प्रत त्यांनी जत तालुक्यातल्या एका गावी गिरणीत लावली होती.

उन्हाळा होता, लग्नसराई. दुपारच्या आधी केंद्राच्या दारात चाळिशीचा एक माणूस उभा राहिला. खांद्यावर टॉवेल, पायताणावर जतकडची पांढरी धूळ. मागे सोळावं लागलेली एक मुलगी, केस विस्कटलेले, नजर जमिनीवर. ती धरून आणल्यासारखी नव्हती, पण स्वतःहून चालते आहे असंही वाटत नव्हतं.

तो माझ्या टेबलापाशी आला. "सायेब, पीडा हितंच उतरवत्यात न्हवं?"

मला कळेना. त्याने समजावून सांगितलं. बायको रानात होती म्हणून दळण आणायला तोच गिरणीत गेला होता. नंबर येईपर्यंत भिंतीवरचं वाचत बसला. पीडित मुलींसाठी सोय, फुकट, राहायचं बी हाय, आन वर सरकारचा शिक्का. पोरीला पीडा झाली होती. कवाबी अंगात यायचं, घुमायची, जेवत नव्हती, बोलणं तर बंदच. देवऋषी करून झाला होता, उतारा टाकून झाला होता. गुण नाही. सरकारनेच काढलंय तर बघावं म्हणून एसटीने घेऊन आला.

शिपाई पाणी आणायच्या निमित्ताने तोंड लपवत मागे गेला. मी सांगायला तोंड उघडलं की अहो, इथे तसलं काही नसतं, त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तेवढ्यात मॅडम त्यांच्या टेबलावरून उठल्या. हातात मार्कर होताच. मला वाटलं, आता या माणसाला "पीडित" शब्दाची व्युत्पत्ती ऐकावी लागणार. इतकी वर्षं त्या ज्याची भीती सांगत होत्या ते अखेर घडलं होतं. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. दुसरा कुणीही असता तर निदान आमच्याकडे एकदा पाहिलं असतं.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची ओढून त्या माणसापुढे बसल्या.

"बसा पाव्हणं," मॅडम म्हणाल्या. "पीडा कवापासनं हाय?"

मी त्यांच्या तोंडून "हाय" आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आणि ते उसनं आणलेलं नव्हतं. आमच्या घरी माझी आई जसं बोलायची तसंच, त्याच हेलाने.

तो म्हणाला, "लगीन ठरल्यापासनं."

शिपायाने पेले टेबलावर ठेवले आणि तो तिथेच उभा राहिला.

"त्याच्या आदी?"

"आदी कायसुदिक न्हवतं. नववीत पयल्या पाचात हुती."

"मंग पीडा कशाची हाय, ते तुमीच बोललात की."

तो टॉवेलने मान पुसत राहिला.

आतल्या खोलीत ताई दुसऱ्या एका बाईशी बोलत होत्या, म्हणून मुलीला बाहेरच बसवलं. मॅडमनी तिला आधी पाणी दिलं, मग आपला डबा उघडून भाकरी आणि मेथी पुढे ठेवली. तिने हात लावला नाही. मग मॅडमनी तिला, अगदी हळू, पुन्हा आपल्या शुद्ध भाषेत सांगायला सुरुवात केली. अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी मुलीचं लग्न लावता येत नाही. लावलं तर लावणाऱ्यांवर गुन्हा होतो, मुलीवर नाही. हा नंबर फुकट लागतो, कोणत्याही वेळी. इथे थोडे दिवस राहता येतं. शाळेतून नाव कापलं गेलं असेल तर पुन्हा घालता येतं. सांगून झाल्यावर, ठरल्याप्रमाणे, "आता मला सांगा, मी काय सांगितलं."

मला वाटलं, आज हा हट्ट सोडावा. पोर कित्येक दिवस बोललेली नाही. पण मॅडम वाट पाहत बसल्या. वाट पाहणं त्यांना चांगलं यायचं.

"अठराच्या आत लगीन न्हाई," मुलगी म्हणाली. आवाज बसलेला होता. बापाने झटकन वर पाहिलं. "गुन्हा माज्यावर न्हाई. नंबर फुकट हाय." मग थोडं थांबून, "दावीच्या परीक्षेला बसाय येतं?"

"ते मी सांगितलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "ते आपण विचारताय. बसता येतं."

मुलीने भाकरीचा तुकडा मोडला.

अठराच्या आतली मुलगी, म्हणून नियमाप्रमाणे बालकल्याण समितीला कळवलं, त्यांच्या संमतीने ती केंद्रात राहिली. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर असते, त्याला मॅडमनी फोन केला. पण खरा प्रश्न ग्रामसेवकाचा नव्हता, मुलीच्या चुलत्याचा होता. हा बापाचा थोरला भाऊ. घर त्याच्या शब्दावर चालायचं आणि हे लग्न त्यानेच ठरवलं होतं. मुलगी परत त्या घरात जायची होती. चुलता अडून बसला, तर आज थांबलेलं लग्न आम्ही पाठ फिरवल्यावर लांबच्या कुठल्यातरी गावी गुपचूप लागलं असतं. असं होतं, हे आम्हाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तो जीप घेऊन आला. धाकटा भाऊ मागे, बोलायला जागा नसल्यासारखा. चुलता धिप्पाड, आवाज मोठा, पण सरकारी खोलीत शिरल्यावर पायताण दाराबाहेर काढावं की नाही या विचाराने जरा घोटाळलेला. शेवटी काढलं. त्याने थेट विचारलं की उतार पडायला किती दिवस लागतील, कारण तारीख धरलेली आहे.

"दिस न्हाई, वर्सं लागत्याल," मॅडम म्हणाल्या. "अठरा भरल्याबिगर ही पीडा उतरत न्हाई."

"कुनी सांगितलं?"

"सरकारनं."

यात खोटं एकही वाक्य नव्हतं. मी तेव्हाही मनात तपासून पाहिलं होतं आणि आताही पाहतो आहे.

मग त्यांनी बोली बाजूला ठेवली आणि कायदा सांगितला. कायदा त्या नेहमी शुद्ध भाषेतच सांगायच्या. लग्न ठरवणारे, लावणारे, पुढाकार घेणारे, सगळे त्यात येतात. भटजी येतो, मांडव घालणारा अडचणीत येतो, वाजंत्रीवाल्यालाही पोलीस विचारतात. चुलता हात मागे बांधून ऐकत होता. सांगून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता मला सांगा, मी काय सांगितलं."

त्या माणसाला शाळा सुटल्यापासून कुणी असं विचारलं नसणार. तो इकडेतिकडे पाहू लागला. भाऊ खाली पाहत होता, शिपाई छताकडे. मी माझ्या कागदांत डोकं घातलं. चुलत्याने घसा साफ केला आणि शाळेतल्या पोरासारखं सगळं परत सांगितलं, भटजी, मांडव, आणि शेवटी थबकला.

"वाजापवाल्याला बी?"

"त्यालाही."

"वाजाप माज्या मेव्हन्याचं हाय."

"मग त्यांना आजच सांगितलेलं बरं," मॅडम म्हणाल्या.

तो जीपकडे गेला आणि फोनवर बोलू लागला. आवाज इतका मोठा होता की आम्हाला आत ऐकू येत होतं. तो पाहुण्यांना सांगत होता की पोरीला जबर पीडा हाय, सांगलीला सरकारी मानसांनी बघितलंय, अठरा भरंपतोर काय बी करायचं न्हाई म्हनत्यात, उगी आपल्या घरात आनि तुमच्या घरात भानगड नको. पाहुण्यांनी वाद घातल्याचं ऐकू आलं नाही. झपाटलेली सून कोणाला हवी असते?

धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा बाप, मागे रेंगाळला होता. मॅडमना तो हळूच म्हणाला, "बाई, मी सातवी झालोय. वाचाय येतं मला."

मॅडमनी चष्मा वर सरकवून त्याच्याकडे पाहिलं.

"पोरीला लगीन नको म्हनलं की समदी इचारत्यात, का नको. पीडा हाय म्हनलं की कुनी इचारत न्हाई." एवढं बोलून त्याने नमस्कार केला आणि जीपमध्ये मागे जाऊन बसला.

जीप गेली. मॅडम आपल्या टेबलापाशी आल्या, मार्कर उचलला, टोपण काढलं, परत लावलं. मी त्यांना विचारलं, हे कसलं बोलणं काढलंत आज, कुठे शिकलात. त्या म्हणाल्या, "माझ्या आईची भाषा आहे ती. औंधच्या बाजारात भाजी विकायची आई. कार्यालयात आणत नाही मी ती." संध्याकाळी निघताना, जणू मधे काही झालंच नाही अशा सुरात म्हणाल्या, "बाई एकटी कुठे असते ते मी इतकी वर्षं शोधत होते. बापही कुठेतरी एकटा असतो, हे लक्षात आलं नाही."

पावसाळ्यानंतर नवी पत्रकं आली. मॅडमचं म्हणणं कुणीतरी वर वाचलं असावं, किंवा आणखी कुणी तेच म्हणालं असेल. ते मला माहीत नाही. मोठ्या अक्षरांत छापलं होतं, "अडचणीत असलेल्या महिला व मुलींसाठी." मी अभिनंदन केलं. त्यांनी पत्रक हातात घेऊन ऱ्हस्वदीर्घ तपासलं, एकही चूक सापडली नाही. "शब्द योग्य आहे," त्या म्हणाल्या. पण आनंद दिसला नाही. जुन्या पत्रकांची उरलेली खोकी रद्दीत काढायला मी शिपायाला सांगत होतो, तर त्यांनी अडवलं. नवी पत्रकं त्यांनी स्वच्छतागृहांत, कासारांकडे लावली. जुनी गिरण्यांत तशीच राहू दिली. आणि उरलेल्या जुन्यांसाठी एक नवी जागा काढली, दाढी-कटिंगची दुकानं. आरशाच्या बाजूला, खुर्चीत मान मागे टाकलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर. कारण विचारलं तर म्हणाल्या, "बायकांना नवीन. बापांना जुनं." फेरफार करू नये असा त्यांना आदेशच होता, त्यांनी तो पाळला, एवढं नोंदवून ठेवतो.

त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. त्या मुलीचा बाप पुन्हा दारात उभा. या वेळी डोक्याला नवी टोपी. पोरगी दहावी पास झाली, एसटीने जतला अकरावीला जाते, घुमायची ती कधीच थांबली, हे त्याने उभ्या उभ्या सांगितलं. मग बाजूला सरकला. मागे एक म्हातारा होता, पांढऱ्या मिशा, हातात काठी, आणि त्याच्यामागे पदर कपाळापर्यंत ओढलेली एक तरुण बाई. एका हाताचं कोपर ती दुसऱ्या हाताने धरून होती.

"ह्ये आमच्या गावचं तात्या," तो म्हणाला. "सून हाय त्येंची. तिला बी पीडा हाय. म्या म्हनलं, चला, सांगलीला उतरवत्यात."

मॅडमच्या हातात मार्कर होता, समोर कसलीतरी पाटी दुरुस्त करायला घेतलेली होती. त्यांनी टोपण लावलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा तात्या. कवापासनं हाय?"

म्हातारा बसला नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून, सुनेकडे न पाहता, तो म्हणाला, "माजा ल्योक काम सुटून घरी आल्यापासनं."